नवख्याच्या किटला हात न लावता मॉडेल शिकवणं

प्लास्टिक मॉडेलची चार-दोन किटं जोडून झाली, शोकेसमध्ये दिसायला लागली, की घरी आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "भाऊ, आमच्या पोट्ट्यालाही शिकवा ना." बहुतेक हौशी मंडळी खूश होऊन हो म्हणतात आणि पहिल्याच रविवारी त्या पोराचं विमान स्वतःच जोडून देतात. हा लेख त्या रविवारच्या आदल्या शनिवारी वाचायचा आहे. ज्यानं आजवर एकही किट उघडलेलं नाही त्यालाही तो चालेल, कारण शिकवायच्या पायऱ्या आणि शिकायच्या पायऱ्या शेवटी त्याच. पण माझं बोलणं मुख्यतः शिकवायला बसणाऱ्याशी आहे.

नियम एकच, तो सुरुवातीलाच सांगतो. नवख्याच्या किटला आपण हात लावायचा नाही. पंख तिरपा बसला, सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्रव) सांडलं, चाक उलटं लागलं, तरी नाही. "आण इकडे, मी करून देतो" म्हटलं की काम दोन मिनिटांत होतं, आणि घरी गेल्यावर पोरगं आईला सांगतं, "हे काकांनी केलं." मग दाखवायचं कशावर? आपल्याच संग्रहातलं एखादं अर्धवट, मोडकं मॉडेल घेऊन बसा. त्याच्यावर कापा, घासा, रंगवा, मुद्दाम बिघडवूनही दाखवा. माझ्या टेबलावरच्या अशा विमानाला पोरं 'बळीचा बकरा' म्हणतात. त्याच्यावर इतके थर चढलेत की ते मुळात कुठलं विमान होतं यावर पैजा लागतात.

केव्हा बसायचं, कुठं बसायचं

पोरांना सुट्ट्या उन्हाळ्यात, म्हणून सगळ्यांना उन्हाळाच सुचतो. नागपूरच्या उन्हाळ्यात मॉडेल करता येतं, पण रंगकामाला तो वैरी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतप्यात तर विचारूच नका, आणि घरोघरी कूलर सुरू असतो. कूलर म्हणजे दमट हवा, जोराचा झोत आणि खसातून सुटणारे बारीक तंतू, तिन्ही एकदम. लॅकर जातीचा रंग अशा हवेत मारला की त्यातलं थिनर झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि चकचकीत काळा रंग पांढरट राखाडी दिसायला लागतो. जुलै-ऑगस्टच्या पावसातही हेच. कूलर बंद करावा, तर पाण्यावरचा ॲक्रिलिक रंग डबीतून पंखापर्यंत पोचेस्तोवर ब्रशवरच सुकतो.

म्हणून माझं मत असं: पहिली तुकडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. उन्हाळ्यातच बसायचं असेल तर सकाळी सात ते दहा, आणि त्या हंगामात फक्त कापणं-जोडणं. रंगवायचंच असेल तर ओली पॅलेट करा. पसरट डब्यात पाण्यानं भिजवलेला स्पंज किंवा जाड टिश्यूची घडी, तिच्यावर बटर पेपर, आणि रंगाचा थेंब त्या कागदावर. खालून ओल मिळत राहते, रंग तासन् तास चालतो, आणि झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही. ही एक गोष्ट कुठल्याही महागड्या सामानापेक्षा नागपुरात जास्त उपयोगी पडते.

जागा सोसायटीचा हॉल असो की शाळेचा चित्रकलेचा वर्ग, दोन बाजूंना खिडक्या हव्यात, कारण सिमेंटचा आणि थिनरचा वास कोंडून राहिलेला चालत नाही. जवळ नळ हवा. टेबलाखाली पांढरी चादर पसरा. उडालेला तुकडा फरशीच्या नक्षीत हरवला की अर्धी बैठक शोधण्यात जाते. एका शिकवणाऱ्यामागं चार जण पुरे, पाचवा आला तर तो नुसता बघत बसतो.

आणि तर्री पोहे. रविवारची सकाळ आहे, नागपूर आहे, ते येणारच. पण आधी काम आणि मग पोहे, किंवा पोह्यानंतर साबणानं कोपरापर्यंत हात. तर्रीच्या तेलाचं बोट एकदा प्लास्टिकला लागलं की तिथं रंग धरत नाही, आणि तो ठसा तीन थरांनंतरही वर येतो.

किट निवडताना

आधी स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या कितव्या हिश्शाचं आहे ते, समजावून सांगा, आणि ते आकडेमोड करूनच. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. १/४८ म्हणजे चार फुटांना एक इंच. मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मीटर, ७२ नं भागा, दहा सेंटिमीटरला किंचित कमी, ४८ नं भागा, जवळजवळ पंधरा. सुखोई-३० सुमारे २२ मीटर लांब, म्हणजे १/७२ मध्येही ते फूटभर होतं. हे गणित पोरांना स्वतः करू द्या आणि पट्टी धरून हवेत दाखवायला लावा. घरच्या शोकेसमध्ये काय मावेल हेही त्यातच कळतं.

नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळं टेबलावरच्या चार पोरांत एखाद्याचा तरी काका-मामा वायुसेनेत निघतो, आणि मागणी ठरलेली असते: मिग-२१. १९६३ पासून भारतीय वायुसेनेत असलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं, तेव्हापासून तर विचारणाऱ्यांची भर पडली आहे. करू द्या, हट्ट चांगला आहे. फक्त धातूच्या उघड्या पत्र्याचं चकचकीत रूप पहिल्यांदाच नको. चांदी रंगाखाली प्रत्येक ओरखडा दिसतो. राखाडी रंगातलं घ्या.

ज्याचा हट्ट नाही त्याला १/७२ चं एक इंजिनाचं, पंख्याचं लढाऊ विमान द्या. एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीनं १९५३ मध्ये पहिलं विमान काढलं तेही स्पिटफायर हे असंच लढाऊ विमान, आणि आजही त्यांच्या सुरुवातीच्या संचात रंग, ब्रश आणि सिमेंट सोबत येतं. भाग कमी, आकार ओळखीचा, दोन-तीन बैठकांत जोडून होतं. मोठ्या माणसांना मात्र मी रणगाडा सुचवतो, १/३५ चा, ज्याच्या चाकांवरचे पट्टे अखंड रबरी आहेत असा. कडी-कडी जोडायचे पट्टे असतील तर ते खोकं शेल्फवर परत ठेवा. रणगाड्याला कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, नाही, रंग बहुधा एकच, आणि जिथं सांधा फसला तिथं चिखल लावता येतो. विमान हे लाड मागतं, रणगाडा सोसतो. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना सिमेंट-चाकू नकोच. दाबून बसणारी, बिनचिकटवणीची किटं मिळतात, बंडाई या जपानी कंपनीचे रोबो तर त्याच पद्धतीचे.

पहिल्या तुकडीत सगळ्यांना एकच किट देता आलं तर फार सोपं जातं. "आता सोळा नंबरचा तुकडा काढा" म्हटलं की सगळे एकाच पानावर असतात, आणि एकाचं खोकं संपूर्ण सांडलं तरी दुसऱ्याकडं बघून जुळवता येतं.

सामान

किट बहुतेक वेळा बाहेरूनच मागवावं लागतं. बाकीचं बरंचसं सामान शहरात मिळतं, फक्त ते खेळण्यांच्या दुकानात शोधायचं नाही. सपाट धारेची छोटी निपर (कापायची पकड) आणि टोकदार चिमटा सीताबर्डीच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडं. पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात: ४००, ८००, १५०० नंबर घ्या, पाण्यासकट वापरायचा काळा कागद मागा, लहान पट्ट्या कापून आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा. नखं चमकवायची चौपदरी पट्टी सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात मिळते आणि शेवटच्या घासणीला ती फार छान. पातळ मास्किंग टेप, कपड्यांचे चिमटे, रबरबँड, टूथपिक घरचेच. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे खळगे रंग कालवायला.

चाकू चांगला घ्या, यात कंजुशी नको. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोरानंच बोट कापतं. वापरलेली पाती औषधाच्या जुन्या बाटलीत टाकायची, कचऱ्यात सुटी नाही.

नेलपॉलिश रिमूव्हर टेबलावर येऊ देऊ नका. कुणीतरी आईच्या ड्रॉवरमधून आणतंच. त्यातलं ॲसिटोन किटचं पॉलिस्टायरीन विरघळवतं, रंग पुसायला गेलेला पंखच पुसून बसतो. काही ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पातळ होतात आणि काहींच्या त्यानं गुठळ्या होतात. आधी खळग्यात एक थेंब मिसळून बघायची सवय लावा.

पहिली बैठक: चिकटवायचं काहीच नाही

हे ऐकून पोरांची तोंडं उतरतात. उतरू द्या. पहिल्या दिवशी खोकं उघडायचं, सूचनापत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, कुठला तुकडा कुठल्या स्प्रूवर (तुकडे जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर) आहे ते बोट ठेवून शोधायचं. मग सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशनं धुवायचे. साच्यातून तुकडा सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश कधी कधी राहतो, तो जातो. वाळेस्तोवर स्केलची आकडेमोड.

मग कापणं. हेच शिकवायचं खरं कौशल्य आणि यावरच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. बळीच्या बकऱ्याचा उरलेला स्प्रू घ्या आणि दाखवा. पहिला काप तुकड्यापासून लांब, दांडीच्या बाजूला. तुकडा सुटा झाला की उरलेलं बोंड दुसऱ्या कापानं, निपरची सपाट बाजू तुकड्याकडं ठेवून, तरीही केसभर शिल्लक ठेवून. ते केसभर पॉलिश पेपरनं. एकाच कापात तुकड्याला खेटून कापलं की प्लास्टिक ताणलं जातं, तिथं पांढरा डाग किंवा खड्डा पडतो, आणि खड्डा भरणं बोंड घासण्यापेक्षा दहापट कष्टाचं. प्रत्येकाला आधी रिकाम्या स्प्रूवर असे काप करू द्या. निपरची सपाट बाजू आपोआप तुकड्याकडं वळायला लागली की मगच त्याच्या किटकडं जाऊ द्या.

काढलेले तुकडे मास्किंग टेपनं तात्पुरते जोडून बघायचे, सुकी जुळणी. धडाचे दोन अर्धे, पंख, शेपूट. टेबलावर विमान दिसायला लागलं की मघाशी उतरलेली तोंडं परत वर येतात. तिथंच बैठक थांबवायची.

चिकटवणं

दुसऱ्या बैठकीला एक प्रश्न ठरलेला: "काका, हे चिपकूनच नाही राहिलं." बहुतेक वेळा त्यानं सिमेंट फेविकॉलसारखं एका बाजूला थापलेलं असतं आणि दुसरा भाग वर ठेवलेला असतो. इथं चिकटवणीचं काम कसं होतं तेच सांगावं लागतं. लिक्विड सिमेंट गोंद नाही. ते प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं आणि द्रव उडून गेला की ते एकजीव होतं. म्हणून आधी दोन भाग कोरडे जुळवून धरायचे, ब्रशचं टोक फटीला लावायचं आणि द्रवाला स्वतःहून आत धावू द्यायचं. केशाकर्षण पुस्तकात वाचलेलं असतं, इथं ते डोळ्यांनी दिसतं. क्षणभरानं हलकं दाबलं की फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती पुसायची नाही. बोट लावलं तर बोटाचा ठसा कायमचा. रात्रभर तशीच ठेवा, दुसऱ्या दिवशी ती कड पात्यानं खरवडली की फट भरलेली असते, पुट्टीची गरज नाही.

म्हणजे या दिवशी शिकवायची खरी गोष्ट ओलं मॉडेल सोडून देणं ही आहे. मोठ्यांनाही ती जमत नाही.

फेविक्विक कधी? धातूचे किंवा रेझिनचे सुटे भाग लावताना, कारण सिमेंट त्यांच्यावर काम करत नाही. पण कॅनॉपीच्या आसपास फेविक्विक नको. त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी झाक बसते आणि ती आत बसली तर निघत नाही. कॅनॉपी साध्या पांढऱ्या फेविकॉलनं लावा. वाळलं की पारदर्शक होतं, चुकलं तर ओल्या कपड्यानं निघतं.

धड बंद करण्याआधी नाकातलं वजन आठवा. मिग-२१ सारख्या, पुढं एक आणि मागं दोन चाकं असलेल्या विमानाचा भार मागं असतो. नाकात काही घातलं नाही तर ते शेपटीवर बसतं. मासेमारीचं छोटं वजन किंवा दोन-तीन नट फेविक्विकनं आत चिकटवा. बंद करण्याआधी टेपनं जोडून, चाकांच्या जागी बोटं धरून तोल बघायला लावा. पत्रकात हे अनेकदा एका छोट्या चित्रात असतं आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतं.

फटी राहिल्या तर? पहिल्या मॉडेलमध्ये राहू द्या. हे लिहिताना काही जुन्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. पण पहिल्याच किटला पुट्टी, घासणी, पुन्हा पुट्टी असं चक्र लावलं की पोरगं चौथ्या रविवारी येत नाही. ज्याला फट सलते तो स्वतःच विचारतो, त्याला त्याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे सिमेंटच्या जुन्या बाटलीत विरघळवून घट्ट लगदा करायला शिकवा. तीच पुट्टी, प्लास्टिकही तेच, घासायलाही सारखी.

रंग

एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) आणि त्याचा कॉम्प्रेसर घरी ठेवा. शेवटच्या बैठकीला एकदा दाखवा, रंग दुधाइतका पातळ करून, पण नवख्यानं हातानंच रंगवावं. हातानं चांगला रंगवलेला पंख बघितला की एअरब्रश घ्यायचा की नाही हे त्याला स्वतःला ठरवता येतं.

प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मात्र हवाच, कारण पाण्यावरचा रंग नुसत्या प्लास्टिकवर थेंब होऊन पळतो आणि नखानं निघतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला राखाडी स्प्रे चालतो, गच्चीवर, सकाळच्या सावलीत, वारा पडलेला असताना. वीसेक सेंटिमीटर अंतर, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू आणि पलीकडं बाहेरच बंद. आधी चाचणी कशावर तरी घ्यायची असते. पूर्वी आम्ही प्लास्टिकचे चमचे वापरायचो, ते १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाले, आता दह्याच्या डब्याची झाकणं नाहीतर रिकामे स्प्रू. थर्माकोलवर मॉडेल ठेवून फवारू नका, थिनरनं थर्माकोल वितळतं आणि मॉडेलला चिकटतं.

ब्रशनं रंगवताना पंखासाठी सपाट ब्रश घ्या, बारीक नको. बारीक ब्रशनं मोठा भाग रंगवला की पट्टे पडणारच, तरी प्रत्येक नवखा तोच उचलतो. रंग पातळ, पहिला थर इतका विरळ की खालचं प्राइमर दिसावं. ओल्या रंगावर परत फिरायचं नाही. पूर्ण वाळला की दुसरा थर आडवा. तिसऱ्या थराला रंग भरतो. "अजून एक हात मारू का?" असं विचारलं की उत्तर एकच: थांब, आधी चाकं रंगव.

बारीक कामासाठी मी शिकणाऱ्यांना गणपतीच्या आधी महालातल्या चितार ओळीत घेऊन जातो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात कसा टेकतो ते बघायला सांगतो. करंगळी कुठं ठेवली आहे, ब्रश हलतो की मनगट हलतं, रंग उचलल्यावर टोक कशावर पुसलं जातं. वैमानिकाच्या इंचभर पुतळ्याचा चेहरा रंगवायचा असेल तर यापेक्षा चांगला वर्ग शहरात नाही. फक्त गर्दीच्या दिवसांत जाऊ नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका, त्यांची ती रोजीरोटी आहे.

डिकल

डिकल म्हणजे पाण्यात सुटणारी खूण. मॅट रंगावर सरळ लावली तर तिच्याखाली हवा अडकते आणि चंदेरी झाक येते. म्हणून आधी चकचकीत वार्निश. एका वेळी एकच खूण कापायची, कोमट पाण्यात काही सेकंद बुडवायची, मग टिश्यूवर ठेवून थांबायचं. ती कागदावर सरकायला लागली की मॉडेलवर पाण्याचा थेंब ठेवून त्यावर सरकवायची. नागपूरच्या कोरड्या हवेत तो थेंब हमखास विसरला जातो, मग खूण जिथं टेकली तिथंच बसते. पंखा-कूलर या वेळी बंद.

भारतीय वायुसेनेचा गोल लावताना कुठला रंग बाहेर, शेपटीवरच्या पट्ट्यांत कुठला पुढच्या बाजूला, हे तुम्ही सांगू नका. खऱ्या विमानाचे फोटो शोधायला लावा, डाव्या बाजूचा वेगळा आणि उजव्या बाजूचा वेगळा. फोटोवरून ठरवायची सवय इथून लागते, आणि एकदा लागली की पुढच्या किटला पत्रकातल्या चुकाही त्यांना दिसायला लागतात.

धूळ आणि गंज

हे पहिल्या मॉडेलला नसलं तरी चालतं, पण पोरांना सगळ्यात जास्त यातच रस असतो. कडूनिंबाच्या सावलीत एक सकाळ मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात घालवा. २००२ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय आपल्याच शहरातल्या मॉडेलवाल्यांना पुरतं माहीत नसतं. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये आणि नागपूर-नागभीड २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळं आजच्या बहुतेक पोरांनी ती धावताना पाहिलेली नाही. इथं जवळ उभं राहून बघता येतं: पाणी कुठून ओघळतं, तेल कुठं साचतं, पायरीचा रंग कुठं झिजतो. प्रत्येकानं एका डागाचा फोटो घ्यायचा आणि तो तिथंच का पडला असेल हे सांगायचं. रेल्वेची आवड लागलीच तर हेही सांगा की अडीच फुटी रूळ म्हणजे ७६२ मिलिमीटर, १/८७ च्या मापात ते पावणेनऊ होतं, आणि म्हणून त्या मापाचे नॅरोगेज मॉडेल करणारे ९ मिलिमीटरचे तयार रूळ वापरतात.

गंजासाठी गेरू. बारीक वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशनं लावायचा, जास्त झाला तर झटकायचा. रांगोळीचे रंग वापरू नका, ते वाळूसारखे जाड दिसतात. कडांवरचा घासलेला धातू ४बी पेन्सिलीनं.

मोठे शिकणारे आणि आपल्यासारखे

अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून किंवा अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले एखादे फिटर काका नातवासोबत येतात आणि कोपऱ्यात बसतात. त्यांना किट द्या. कानस कशी धरायची, पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे उजेडाकडं धरून कसं बघायचं, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येतं. अडतं ते दृष्टीवर, म्हणून त्यांच्यासाठी भिंग लावलेला दिवा ठेवा आणि १/७२ ऐवजी १/४८ द्या. त्यांना "काका, असं नाही" म्हणू नका. "काका, हे प्लास्टिक मऊ आहे, हलका हात" एवढं पुरतं.

आपल्या बरोबरीचे हौशी एकत्र बसतो तेव्हा गंमत वेगळीच. तिथं तयार मॉडेल आणायची बंदी घाला, फक्त अर्धवट आणायचं. तयार मॉडेलवर वाहवा होते किंवा रिव्हेट मोजले जातात, शिकणं होत नाही. अर्धवट मॉडेलवर प्रश्न होतात: "हा सांधा कसा बुजवलास?" "हा राखाडी कशात काय मिसळून?" रंगाचं प्रमाण थेंबांत लिहून ठेवायची एक वही टेबलावर असू द्या, ज्यानं मिसळला त्यानं लिहायचं आणि पानावर बोटभर रंग लावून ठेवायचा. उरलेले डिकल, सुटी चाकं, जास्तीची क्षेपणास्त्रं एका सामायिक डब्यात. नवख्याचं चाक हरवलं तर तो डबा त्याचा.

चूक दाखवायची असेल तर आधी विचारा, "सांगू का?" हो म्हटलं तर एकच सांगा, पुढच्या किटला कामी येईल अशी. या मॉडेलमध्ये आता बदलता येणार नाही ती सांगून उपयोग नाही.

घरी नेताना

तयार मॉडेल ॲक्टिवाच्या हुकला लटकवून नेलं की पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी, बाहेर आलेली बारीक नळी) आणि चाकं वाटेत जातात. बुटांच्या खोक्यात तळाला स्पंज, धडाच्या आकाराचा खाचा, पंख हवेत मोकळे, आणि शक्य असेल तर मेट्रोनं मांडीवर धरून. बंद गाडीत उन्हात ठेवू नका, पातळ पंख वाकतात. घरी पश्चिमेच्या भिंतीवर नको, कूलरच्या समोर नको.

दुसऱ्या तुकडीच्या पहिल्या दिवशी आधीच्या तुकडीतला एक जण बोलवा आणि स्प्रू कापणं त्याला शिकवायला सांगा. फक्त कापणं. त्याच्या पुढ्यात त्याचं स्वतःचं भंगार किट हवं, आणि नव्यांच्या किटला हात लावायचा नाही हे त्यालाही बसण्याआधीच सांगून ठेवा. त्याला ते तुमच्यापेक्षा जड जातं, दोन मिनिटांत त्याचा हात पुढं सरकतो. तेव्हा त्या हातात निपर आणि एक रिकामा स्प्रू द्या.